स्निग्ध पदार्थ आणि त्यांचे पचन
(सोनपेठ येथे शिक्षकांपुढे केलेले भाषण)



करडई, जवस, तीळ ही नावे आपल्या मुलांस पाठ्यपुस्तकाच्या आधीच ठाऊक असतात. स्निग्ध पदार्थांचा पाठ तेथूनच आरंभावा.

शरीरातील स्निग्ध द्रव्ये मुख्यतः तीन प्रकारची: तेलातुपातील ट्रायग्लिसराइड, पेशींच्या आवरणातील फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल. पहिल्यांत शक्ती साठते. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलापासून ९. कोलेस्टेरॉलपासून यकृत पित्तक्षार बनविते. करडईतील लिनोलेइक व जवसातील लिनोलेनिक ही आम्ले मात्र शरीरास घडविता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात.

तेल पाण्यात मिसळत नाही. मग ते पचते कसे? पेल्यात पाणी व थोडे तेल ढवळून दाखवावे. थर पुन्हा वेगळे होतात. रिठ्याचे पाणी घालून ढवळताच तेलाचे सूक्ष्म कण होऊन ते तरंगत राहतात. लहान आतड्यात पित्त हेच कार्य करते. मग स्वादुपिंडाच्या रसातील लायपेज त्या कणांचे विघटन करते. सुटे झालेले घटक आतड्याच्या भित्तीत शोषले जातात आणि बहुतांशी लसिकावाहिन्यांतून रक्तास मिळतात.

अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धावाचून नीट शोषली जात नाहीत. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दररोज ५ ग्रॅम तेल ठरविलेले आहे. ते पातेल्यात पडते की नाही, हे पाहणे केवळ हिशेबाचे काम नव्हे. ताटातील पालेभाजी मुलाच्या अंगी लागणे त्यावर अवलंबून आहे.