दोन मिनिटं आणि चाळीस वर्षं



चित्रपटावर लिहिणाऱ्यांच्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मी आज दादरमध्ये उभा आहे. इथेच दादासाहेब फाळक्यांनी बंगल्यात स्टुडिओ थाटला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात, कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला. त्याआधी भांडवल उभं करण्यासाठी त्यांनी एक छोटी फीत केली होती. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली. ती पाहून पैसे मिळाले. तुकडा पाहून न पाहिलेल्या चित्रपटाचा अंदाज बांधायची रीत अशी आपल्याकडे पहिल्यापासूनची आहे. तिला मी नावं ठेवणार नाही.

मला बोलायचंय ते जानेवारी २०२२ बद्दल. महेश मांजरेकरांच्या 'नाय वरणभात लोन्चा कोन नाय कोन्चा'चा ट्रेलर आला. दिग्दर्शक 'वास्तव' आणि 'लालबाग परळ'चा, मूळ कथा जयंत पवारांची. पवारांना जाऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. ट्रेलरमध्ये दिसली दोन कोवळी पोरं, रक्त, शिव्या आणि अंगावर येणारी शय्यादृश्यं. राष्ट्रीय महिला आयोगाने आक्षेप घेतला, निर्मात्यांनी ती दृश्यं ट्रेलरमधून काढली. थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. मोबाईलवरचा ट्रेलर मात्र कुणीही, कुठल्याही वयात, न मागता बघतो. म्हणून तो आक्षेप मला आजही रास्त वाटतो.

पण तो आक्षेप होता ट्रेलरवरचा. आपण लिहिणाऱ्यांनी त्याच दोन मिनिटांवर चित्रपटाचा निकाल लावला. मीही 'बघायची गरज नाही' असं फोनवर एकाला सांगून मोकळा झालो. १४ जानेवारीला चित्रपट लागला. ज्या संपाच्या सावलीत ती कथा घडते, तो मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ रोजी. चाळीस वर्षं पुरी व्हायला चार दिवस कमी! अडीच लाखांच्या आसपास कामगार ज्या संपात उतरले, त्यानंतर लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्या पोरांचं काय झालं, हाच त्या कथेचा जीव. त्या आठवड्यात मी वाचलेल्या एकाही मजकुरात ही तारीख नव्हती, आणि मलाही ती सुचली नाही. याची खंत माझ्या मनातून जात नाही.

तुकडा पाहून अंदाज आम्हीही बांधायचो. लहानपणी आम्ही भारतमाता सिनेमागृहाबाहेर काचेच्या पेटीला नाक लावून उभे राहायचो. आत टाचणीने लावलेले फोटो असायचे. एखाद्या फोटोत उगारलेला हात असायचा. मग तिकीट काढून आत बसलो की तो हात पडद्यावर कधी येतो, याची वाट बघायची. थरारपटाची सगळी ताकद त्या वाट बघण्यात असते. जिन्यात पाऊल वाजतं, आतली बाई गॅस बारीक करून कान देते, मग कडी वाजते. ट्रेलर कापणारा पाऊल आणि कान दोन्ही काढून टाकतो, वार तेवढा ठेवतो. पुष्कळदा ट्रेलर कापणारे हात वेगळे असतात, संगीतही वेगळं असतं. दिग्दर्शक कितीही गुणी असो, त्या दोन मिनिटांत त्याचा संयम दिसायला जागाच नसते.

मात्र दिग्दर्शक गुणी आहे म्हणून चित्रपटाला आधीच पास करा, असंही मी म्हणणार नाही. पुढे मी तो चित्रपट पाहिला आणि मला तो पूर्ण पटला नाही. कथा वाचताना बंद गिरणीचा भार छातीवर बसतो, तेवढा पडद्यावर बसला नाही. हिंसा मात्र बसली. हा आक्षेप ट्रेलर पाहून मला घेताच आला नसता, कारण गिरणी तिथे जवळजवळ नव्हतीच. आधी फोनवर मी जे बोललो होतो, त्याचा आणि या आक्षेपाचा काही संबंध नव्हता.

तरुण मित्रांना माझी एक विनंती आहे. ट्रेलरवर जरूर लिहा, कडक लिहा, पण मथळ्यातच 'ट्रेलरविषयी' असं छापा. त्याखाली चित्रपटाला तारे देऊ नका.

दुपारच्या सत्रात पवारांची ती कथा वाचली जाणार आहे, अखंड, मध्ये चहा नाही. जेवून वेळेवर या. वाचन सुरू झालं की दारं लावून घेऊ.