आधी मृत्यू सांगा

राज्यभरातून आलेल्या माझ्या अतिदक्षता विभागातल्या मित्रमैत्रिणींनो,

वर्षभरात आपल्या शास्त्रात काय घडलं याचा आढावा अध्यक्षानं घ्यावा अशी आपल्याकडे प्रथा आहे. सेप्सिस, एक्मो, प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू, असं सगळं मी लिहून काढलं होतं. ते स्मरणिकेत छापलं आहे, कृपया तिथं वाचावं. मला मिळालेला वेळ एकाच गोष्टीसाठी हवा आहे. आजवर ती मी दुसऱ्यांच्या भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरांत मांडत आलो, आणि दर वेळी वेळ संपल्याचं सांगून मला बसवण्यात आलं.

माझं म्हणणं असं आहे. आपल्या आयसीयूमध्ये मेंदूमृत झालेला प्रत्येक माणूस मृत म्हणून जाहीर झालाच पाहिजे. त्याचे अवयव घेण्याजोगे असोत वा नसोत, नातेवाईक हो म्हणोत वा नाही म्हणोत. आज आपण तसं करत नाही. अवयव मिळण्याची शक्यता दिसली की आपण तपासण्या करतो, चार डॉक्टर जमवतो, फॉर्म भरतो. शक्यता नसली की 'प्रकृती अत्यंत गंभीर' असं लिहून व्हेंटिलेटर चालू ठेवतो आणि हृदय थांबायची वाट पाहतो. दोन्ही खाटांवरचा माणूस सारखाच मेलेला असतो.

यामागं कायदा आहे, हे मला ठाऊक आहे. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला तो किडन्यांचा बाजार थांबवायला आणि मेंदूमृतांकडून अवयव घेता यावेत म्हणून. महाराष्ट्र आणि गोवा ही राज्यं त्यात पहिल्यापासून आहेत. पण मेंदूस्तंभाच्या मृत्यूचा दाखला द्यायचं कलम त्या कायद्यात सुरू होतं तेच शरीरातून अवयव काढायचा असेल तर, या अटीनं. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा मृत्यूची व्याख्या करतो, त्यात मेंदूचा उल्लेखच नाही. म्हणजे अवयव द्यायचे ठरले तर या देशात मेंदूमृत माणूस निःसंशय मृत. द्यायचे नाहीत असं ठरलं की तोच माणूस कायद्याच्या दृष्टीनं कुठं असतो, हे मला आजवर एकाही वकिलानं छातीठोकपणे सांगितलेलं नाही.

वकिलांना पडला नसेल, पण हा प्रश्न लोकांना पडतो. मी जिल्ह्याच्या एका रुग्णालयात होतो तेव्हाची गोष्ट. मोटारसायकलवरून पडलेला तरुण मुलगा, डोक्याला मार, हेल्मेट नाही. दोन दिवसांनी बाहुल्या पसरल्या, श्वास गेला. वरिष्ठांनी नातेवाइकांना बोलावलं आणि एकाच दमात सांगितलं की मेंदू काम करत नाही, तुम्ही अवयवदानाचा विचार करा. घरचे नाही म्हणाले. त्यानंतर चार दिवस व्हेंटिलेटर चालू होता. त्या चार दिवसांत त्याचा चुलता रोज माझ्याकडे यायचा. शेतकरी माणूस, आवाज कधी चढवला नाही. शेवटच्या दिवशी म्हणाला, "डॉक्टर, आम्ही हो म्हणलो असतो तर पोरगं मेलं होतं. नाही म्हणलो म्हणून जित्तं आहे. मग ते मरणार कशानं, आमच्या सहीनं?"

याचं उत्तर त्याला कुणी दिलं नाही. त्या गावात पुढं कुणी अवयवदानाचं नाव काढलं असेल असं मला वाटत नाही, आणि त्याबद्दल मी त्या गावाला दोष देणार नाही.

आपल्या परिषदांत मात्र दोष नेहमी लोकांनाच दिला जातो. समाज अंधश्रद्धाळू आहे, प्रबोधन हवं, पथनाट्यं हवीत, सेलिब्रिटी हवेत. मी इतकी वर्षं नातेवाइकांसमोर बसलो आहे. पुढच्या जन्मी पोरगं आंधळं जन्मेल, असं म्हणणारे भेटले, नाही असं नाही. पण बहुतेकांचे प्रश्न वेगळे असतात. देह कधी मिळेल? उजेड असताना मिळेल का? पोलीस, पंचनामा, पोस्टमॉर्टेम यांत किती वेळ जाईल? गळ्यात माळ असलेल्या एका आजोबांनी, एकुलत्या नातवाबद्दल बोलताना, मला फक्त एवढं विचारलं होतं की तो नक्की गेला ना, तुम्ही स्वतः पाहिलंत ना. मी पाहिलं होतं, तसं सांगितलं. पुढचं त्यांनीच काढलं. मला दानाचा शब्दही उच्चारावा लागला नाही.

दुसरा वाद कायद्यानं संमती गृहीत धरण्याचा. स्पेनचं उदाहरण देतात. स्पेनमध्ये तसा कायदा १९७९ पासून आहे, पण तिथले डॉक्टर आजही घरच्यांना विचारल्याशिवाय पुढं जात नाहीत. दर दहा लाख लोकांमागं तिथं चाळीसहून अधिक मरणोत्तर दाते मिळतात, आपल्याकडे एकही पुरता नाही. हा फरक १९८९ नंतर पडला. त्या वर्षी तिथं राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि रुग्णालयारुग्णालयांत समन्वयक नेमले गेले. हे समन्वयक बहुतांशी आपल्यासारखे आयसीयूतले डॉक्टर आहेत. मरणारा माणूस ओळखणं हे त्यांनी आपलं काम मानलं. आपण ते प्रत्यारोपणवाल्यांचं काम मानतो. मूळ दुखणं हेच आहे.

मेंदूमृत्यू ही प्रत्यारोपणवाल्यांनी शोधलेली सोय आहे, असा समज आपल्यातल्या शिकलेल्या लोकांतही आहे. तो साफ खोटा आहे. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली आणि ब्यॉर्न इब्सेन यांनी हातानं फुगा दाबून श्वास देत रुग्ण जगवले. तिथून आपली ही शाखा सुरू झाली. श्वास यंत्रावर गेल्यावर असे देह दिसू लागले ज्यांचं हृदय चालू आहे आणि मेंदू संपला आहे. १९५९ मध्ये पॅरिसच्या मोलारे आणि गुलाँ यांनी त्यांचं वर्णन केलं. पहिलं हृदय प्रत्यारोपण त्यानंतर आठ वर्षांनी, डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला झालं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत आपल्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते करून दाखवलं, तेव्हा या देशात मेंदूमृत्यूचा कायदाही नव्हता. ही अवस्था व्हेंटिलेटरमुळे निर्माण झाली, आणि व्हेंटिलेटर आपला आहे. तेव्हा तिचा निवाडाही आपणच करायला हवा.

काही सहकारी म्हणतात, चूक झाली तर? कोकणातल्या एका मित्रानं गेल्या परिषदेत मण्यार चावलेल्या मुलाचा दाखला दिला. हातपाय लुळे, पापणी उचलत नाही, बाहुल्या उजेडाला दाद देत नाहीत, श्वास बंद, हुबेहूब मेंदूमृत. आणि काही दिवसांनी मुलगा चालत घरी गेला. असे रुग्ण मीही व्हेंटिलेटरवर ठेवून जगवले आहेत, आणि म्हणूनच ठामपणे सांगतो की तो दाखला माझ्या बाजूचा आहे. तपासणीची पहिली पायरीच अशी आहे की मेंदू कशानं गेला ते कारण माहीत हवं आणि ते न सुधारणारं हवं. विष, गुंगीची औषधं, स्नायू सैल करणारी औषधं, थंड पडलेलं शरीर, बिघडलेले क्षार, हे सगळं आधी बाजूला काढावं लागतं. मग बाहुल्या, बुबुळ, कानात बर्फाचं पाणी, घसा, खोकला. मग अ‍ॅप्निया टेस्ट. आणि किमान सहा तासांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं. जो ही तपासणी नेहमी करतो त्याच्या हातून चूक होत नाही. वर्षातून एकदा, अवयवांची गाडी दाराशी उभी असताना जो ती करतो, त्याची मला भीती वाटते.

अ‍ॅप्निया टेस्टबद्दल थोडं अधिक बोलतो, कारण मी ती माझ्या पद्धतीनं करत आलो आहे आणि त्यावर माझ्यावर टीकाही झाली आहे. आधी शंभर टक्के ऑक्सिजन देऊन ठेवायचा. मग व्हेंटिलेटर सोडवायचा, नळीतून ऑक्सिजन चालू ठेवायचा, छातीवरचं पांघरूण काढायचं आणि आठ-दहा मिनिटं छातीकडे, पोटाकडे पाहत राहायचं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड साठच्या वर चढला तरी एकही श्वास आला नाही, तर मेंदूस्तंभ गेला. यंत्राचा आवाज थांबलेला असतो, खोलीत कुणी बोलत नाही. घरच्यांची इच्छा असेल तर त्यांच्यातल्या एकाला मी त्या वेळी आत उभं करतो. आधी सगळं समजावून सांगतो, सिस्टरना शेजारी उभं करतो. लोक म्हणाले, हे क्रूर आहे, मारामारी होईल. एकदाही झाली नाही. एक मोठा भाऊ तर शेवटी मलाच म्हणाला, "सर, तुम्ही थांबा. मी बघितलं." बाहेर जाऊन आईला त्यानं स्वतः सांगितलं. तसं सांगणं मला कधीच जमलं नसतं.

आकडे थोडक्यात. २०२३ मध्ये देशात अठरा हजारांवर प्रत्यारोपणं झाली आणि मरणोत्तर दाते होते १०९९. उरलेला सगळा भार जिवंत माणसांनी उचलला, आणि त्या जिवंत दात्यांत बायकाच अधिक, म्हणजे आया आणि पत्नी. त्याच देशात दर वर्षी दीड लाखाहून अधिक लोक रस्त्यावर मरतात. त्यातले कितीतरी आपल्या खाटांवर मेंदूमृत होतात आणि त्यांची नोंद 'हृदयक्रिया बंद पडून' अशी होते. पण दाते वाढावेत म्हणून मी हे मांडत नाही, हे कृपया नीट ऐकावं. दाता एकही वाढला नाही तरी माझी मागणी हीच राहील. माणूस गेला हे त्याच्या माणसांना कळणं हा त्यांचा हक्क आहे. खासगी रुग्णालयात ते न कळण्याचं रोजचं बिल होतं आणि त्यासाठी शेत गहाण पडतं. सरकारी रुग्णालयात तोच व्हेंटिलेटर मिळावा म्हणून फवारणीच्या औषधानं विषबाधा झालेला कुणीतरी कॉरिडॉरमध्ये वाट पाहत असतो, नातेवाईक हातानं फुगा दाबत असतात.

मार्ग नाही असं नाही. केरळनं २०२० मध्ये दाखल्याच्या कार्यपद्धतीत दान होवो न होवो, मेंदूमृत्यू जाहीर करायचा असं ठरवलं. आपल्या राज्यानंही २०१२ मध्ये मेंदूमृत रुग्ण विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राला कळवावेत असा आदेश काढला. तो किती आयसीयूंत पाळला जातो, हे या सभागृहात मी विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालामुळे उपचार थांबवण्याचा एक रस्ता खुला झाला, पण तो जिवंत रुग्णासाठी आहे. मेलेल्यासाठी वेगळा रस्ता लागू नये.

काय करायचं, तर १९६९ च्या कायद्यात दुरुस्ती मागणारं निवेदन आपण द्यावं. मृत्यू सांगणारा डॉक्टर आणि दानाबद्दल विचारणारा समन्वयक ही दोन माणसं वेगळी असावीत, आणि दोन बोलण्यांमध्ये घरच्यांना रडायला वेळ मिळावा. तालुक्याच्या छोट्या आयसीयूंना तपासणीसाठी माणूस कसा पुरवायचा याचा विचार एखाद्या समितीनं करावा, तिचं स्वरूप आपण पुढं ठरवू. रेसिडेंटसाठी मराठीत एक पुस्तिकाही काढावी असं मनात आहे.

निवेदनाचा मसुदा मी संध्याकाळच्या सर्वसाधारण सभेत ठेवणार आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी मुद्दाम यावं आणि तो उभं राहून मांडावा. चुलत्यानं विचारलेला प्रश्न मी त्यांनाही विचारणार आहे.