बाटली ठेवा, घड्याळ घ्या

पावसाळा लागला, शाळा-पाळणाघरं भरली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, 'याची सर्दी काही हटतच नाही.' आईला वाटतं, आपलंच मूल नाजूक आहे. पण लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं, ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

याचं कारण सर्दीच्या विषाणूंत आहे. त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. तो १९५०च्या दशकात सापडला. त्याचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एकाशी शरीराची ओळख होते, तोवर दुसरा दारात उभा! म्हणूनच त्यावर अजून लस निघालेली नाही.

मग औषध? अँटिबायोटिक्स जिवाणूंना मारतात, विषाणूंना नाही. खोकल्याच्या औषधानं लहान मुलांचा आजार लवकर बरा होत नाही. उलट धोका संभवतो. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधामुळे अनेक बालकं दगावली. त्यांतल्या बऱ्याच मुलांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. त्यानंतर, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं केंद्र सरकारनं बजावलं.

घरी काय करावं? अंगावरचं दूध चालू ठेवावं. नाक चोंदलं तर मीठ-पाण्याचे, म्हणजे सलाइनचे, थेंब घालावेत. तेल घालू नये. मूल वर्षाच्या आतलं असेल तर मध चाटवू नये. चुलीच्या आणि विडीच्या धुरापासून बाळाला दूर ठेवावं. बाळाला घेण्याआधी हात साबणानं धुवावेत.

मात्र सर्दी छातीत उतरते आहे का, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. आरएसव्ही नावाचा विषाणू तान्ह्या बाळांच्या बारीक श्वासनलिकांना सूज आणतो. कधी न्यूमोनियाही होतो. तो ओळखायला सेकंदकाट्याचं घड्याळ पुरतं. मूल शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास भरले, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

हे अवघड नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना हीच मोजणी शिकवली. आकडे न येणाऱ्यांसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं साधन केलं. न्यूमोनिया गावातच ओळखला जाऊन वेळेवर उपचार मिळाले, आणि बालमृत्यू घटले. हा अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, मलूल पडलं असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नका. थेट रुग्णालय गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी थांबू नका.

एरवी नाक आठ-दहा दिवस वाहील आणि थांबेल. तेवढे दिवस फडताळातली जुनी बाटली तिथंच राहू द्या.

(संपादित नभोवाणी भाषण)