वाघ न दिसलेले मेळघाट



मेळघाटाहून परत आल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातो : "वाघ दिसला का?" नाही म्हटले की विचारणाऱ्याचा चेहरा असा उतरतो, जणू गाडीभाडे त्याचेच बुडाले! तेव्हा आज त्या न दिसलेल्या वाघाच्या घराविषयीच बोलतो.

आपल्याकडून वाट देऊळगाव राजा, चिखली, खामगाव, अकोट अशी. या वाटेवर दोन पूर्णा ओलांडाव्या लागतात. पहिली देऊळगाव महीजवळची, आपली. ती गोदावरीला मिळून पूर्वसमुद्राकडे जाते. दुसरी वऱ्हाडच्या काळ्या रानातली. ती तापीतून पश्चिमसमुद्राला. नाव एक, सासरे निरनिराळी. दुसरी मागे पडली की समोर सातपुड्याची भिंत उभी राहते. तेच गाविलगडचे डोंगर. १९७३-७४ साली देशातले पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होते. त्याच्या गाभ्यात सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे. 'उद्यान' या शब्दाने फसू नका. तेथे ना ताटवे, ना बाके. एक दरी चढून यावे तो पुढे दुसरी.

आम्ही गेलो ते भर उन्हाळ्यात. साग निष्पर्ण, ओढे कोरडे. परंतु दऱ्यांच्या तळाशी डोह शिल्लक होते, आणि काठच्या चिखलात सांबरांचे, अस्वलाचे, रानगव्यांचे ठसे एकमेकांवर उमटलेले. २०१३ साली ज्यांनी आपल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळताना पाहिल्या, त्यांना अशा डोहाकाठी काय वाटते, हे जालन्यात सांगायला नको.

माझे मन मात्र जडले ते एका वीतभर पक्ष्यावर. त्याचे नाव रानपिंगळा. जातीने घुबड, पण शिकार करतो दिवसाउजेडी. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणाला मिळाला नव्हता. मायनर्ट्झहागेन नावाच्या एका इंग्रज कर्नलाने १९१४ साली आपण तो गुजरातेत मिळवल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात तो जुन्या संग्रहातून चोरलेला आणि नवी चिठ्ठी डकवलेला नमुना होता! विद्वान माणसेही चोऱ्या करतात, त्या फक्त उशिरा सापडतात. पामेला रॅसमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी ती चिठ्ठी बाजूला सारली, खरे जुने नमुने कोठले होते ते पाहिले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना तो जिवंत दिसला. पुढे तो मेळघाटातही आढळला. एकशेतेरा वर्षे पुस्तके त्याला शोधत होती. तो आपल्या फांदीवरच होता. मला तो सकाळी दहाच्या उन्हात, शेपटी इकडेतिकडे हलवीत बसलेला दिसला.

आता एक गोष्ट सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. या डोंगरांत कोरकू राहतात. त्यांच्या भाषेत 'कोरकू' म्हणजे माणसे, आणि येथील सिपना नदीचे नाव म्हणजे साग. वाघाला जागा हवी म्हणून बोरी, कोहा, कुंड आणि मागाहून आणखी गावे जंगलाबाहेर हलवली. काहींचे बरे झाले. काहींना कबूल केलेले मिळाले नाही, अशी त्यांची तक्रार होती. ते परत जंगलात गेले, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांची व वनखात्याच्या माणसांची चकमक झाली. जंगल राखले पाहिजे, हे मी मानतो. पण त्याची किंमत तुम्ही-आम्ही भरलेली नाही.

एका कुरणात चितळांचा मोठा कळप चरत होता. आम्ही हरखून गेलो. आमचा कोरकू वाटाड्या म्हणाला, "हे गावठाण होतं, साहेब. तो आंबा आमच्या आज्यानं लावलेला." पूर्वी ज्या अंगणात पोरे खेळली, तेथे आम्ही दुर्बिणी रोखून बसलो होतो. कोणी काही बोलले नाही.

तुमच्यापैकी कोणी जाणार असेल, तर पावसाळ्यापूर्वी जावे. पाण्याचे भांडे मोठे घ्यावे. आणि वाटाड्या मागताना कोरकूच मागावा. त्याला वाघ सोडून दुसरे काही विचारावे.