विद्यार्थिनीच्या गरजेतून घडलेले विद्यापीठ



उच्च शिक्षणात परिवर्तन घडवायचे म्हटले की प्रथम इमारतीचा आराखडा निघतो, मग संगणकांची मागणी नोंदवली जाते आणि अखेरीस एखादी समिती नेमली जाते. या खटाटोपात एक प्रश्न बहुधा राहून जातो. ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे, तो विद्यार्थी कोणत्या घरातून येतो, कोणत्या भाषेत विचार करतो आणि कशामुळे शिक्षण अर्ध्यावर सोडतो? महाराष्ट्रात एका गणिताच्या प्राध्यापकाने नेमक्या याच प्रश्नापासून आरंभ केला आणि त्या शोधातून एक विद्यापीठ उभे राहिले.

धोंडो केशव कर्वे १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १८९३ साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या समाजाचा बहिष्कार सोसला. परंतु प्रत्येक विधवेचा पुनर्विवाह होणे शक्य नव्हते. तिला स्वतःच्या पायावर उभे करायचे तर शिक्षण हवे आणि शिक्षणासाठी आधी डोक्यावर सुरक्षित छप्पर हवे, हे त्यांनी ओळखले. म्हणून १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. निवारा आधी आला, वर्ग नंतर भरला. आज ज्याला आपण ‘विद्यार्थी साहाय्य’ म्हणतो, ते कर्व्यांच्या कार्यात नंतर जोडलेले शेपूट नव्हते; तोच पाया होता.

पुण्यात प्लेगने थैमान घातले, शहरातील वातावरणही अनुकूल नव्हते. १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर एक साधी झोपडी उभी राहिली. महाविद्यालयातील अध्यापन आटोपून कर्वे तेथवर पायी जात. संस्थेला लागणारी जागा भव्य असावी लागत नाही. त्या जागेत शिकणारीला निर्भयपणे राहता आले पाहिजे, हे हिंगण्याने सिद्ध केले. पार्वतीबाई आठवले यांच्यासारखी स्वतः वैधव्य भोगलेली स्त्री याच आश्रमात शिकली, पुढे आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी गोळा करू लागली आणि १९१८ साली थेट अमेरिकेला गेली. ज्या संस्थेने आधार दिला, तिचाच आधार होणारी माणसे अशा संस्थेत निर्माण होतात.

यानंतर प्रश्न आला तो अध्यापनाचा. त्या काळी विद्यापीठीय शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. घरात मराठी बोलणाऱ्या मुलीची निम्मी शक्ती विषय समजण्याऐवजी भाषा ओलांडण्यात खर्च होई. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली आणि त्यांच्या मनातील विचाराला दिशा मिळाली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. जुलै १९१६ मध्ये अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी या विद्यापीठाचे पहिले महाविद्यालय सुरू झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिले कुलपती झाले. माध्यम मातृभाषा ठरले, इंग्रजी हा विषय कायम ठेवण्यात आला. आरोग्य, गृहव्यवस्था, बालसंगोपन यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले. पदवीला नावही आपल्याच परंपरेतले दिले गेले : ‘गृहीतागमा’. १९२१ साली पहिल्या पाच जणी पदवीधर झाल्या.

या प्रयोगाचे मोलही चुकवावे लागले, हे सांगितल्याविना चित्र पुरे होणार नाही. विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळण्यास १९५१ साल उजाडले. तोपर्यंतच्या पदवीधर मुलींना सरकारमान्य पदवीची वाट बंद होती. स्त्रियांचा अभ्यासक्रम वेगळा ठेवल्यास तो दुय्यम ठरेल, ही टीकाही झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु संस्था तेथे थांबली नाही. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली, त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला लाभले. १९३६ साली मुख्य कार्यालय मुंबईस हलले. गृहविज्ञानाच्या जोडीला पुढे परिचर्या, ग्रंथालयशास्त्र, औषधनिर्माण आणि अभियांत्रिकी आली. विद्यार्थिनीची गरज बदलली तसा अभ्यासक्रम बदलला. मूळ निष्ठा कायम ठेवून रूप बदलण्याचे हे धैर्य आहे.

आता वर्तमानाकडे वळू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने मातृभाषेला उच्च शिक्षणात स्थान देऊ केले. २०२१ पासून अभियांत्रिकी पदवी मराठीसह भारतीय भाषांत शिकवण्यास अनुमती मिळाली. शिक्षण मध्येच थांबले तरी मिळवलेले श्रेयांक जमा राहावेत, अशी व्यवस्था झाली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत संपूर्ण शुल्कसवलत दिली. निर्णय स्वागतार्ह आहेत. परंतु शुल्क माफ झाले तरी खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे द्यावेच लागतात. मराठी माध्यमाला मान्यता मिळाली तरी मराठीतील दर्जेदार पाठ्यपुस्तके आणि ती आत्मविश्वासाने शिकवणारा प्राध्यापक आपोआप निर्माण होत नाही. शेवटची एस. टी. साडेपाचला सुटत असेल आणि प्रात्यक्षिक सहाला संपत असेल, तर त्या गावच्या मुलीसाठी ती प्रयोगशाळा असून नसल्यासारखीच. २०२० साली महाविद्यालये बंद पडून शिक्षण भ्रमणध्वनीवर आले, तेव्हा ज्या घरात तीन भावंडांत एकच यंत्र होते, त्या घरात कोणाचा वर्ग बुडाला, याचा हिशेब किती संस्थांनी मांडला?

यातील बहुतेक गोष्टींसाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. वेळापत्रक महाविद्यालयाच्या हाती असते. ग्रंथालय रात्री दोन तास अधिक उघडे ठेवणे, रिकाम्या खोल्यांत अभ्यासिका चालवणे, गैरहजर विद्यार्थ्याच्या नावावर फुली मारण्याआधी त्याच्या घरी एक माणूस पाठवणे, हे प्राचार्य आणि चार तळमळीचे प्राध्यापक करू शकतात. माजी विद्यार्थ्यांनी दोन मुलींच्या खाणावळीचा भार उचलावा. गावातील निवृत्त अभियंत्याने मराठीत एक प्रकरण लिहून द्यावे.

महर्षी कर्वे १९६२ साली, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या नावाचे रस्ते आहेत, पुतळे आहेत. त्यांचे खरे स्मरण करायचे असेल, तर प्रत्येक महाविद्यालयाने गेल्या वर्षी शिक्षण सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांची यादी काढावी आणि त्यातील पहिल्या नावाच्या घरी जावे. सुधारणेचा आराखडा तेथेच मिळेल.