लेखणी आपल्याच हाती हवी



1880 साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल स्थापणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले. ते ज्याचे त्यानेच पचवावे लागते. 2022च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि महाविद्यालयीन निबंध क्षणात तयार होऊ लागले. हे यंत्र पुढचा संभाव्य शब्द जुळवत जाते. प्रसंगी अस्तित्वातच नसलेले संदर्भही रचते. तरीही वर्गात इंग्रजी बोलण्यास संकोचणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला ते न कंटाळता समजावते. म्हणून प्राध्यापकांनी क्रम घालून द्यावा : विद्यार्थ्याने उतारा आधी स्वतः वाचावा, पहिला मसुदा स्वहस्ते लिहावा, मग यंत्राला चुकांची कारणे विचारावीत, दुरुस्ती पुन्हा स्वतःच करावी. यंत्र तालीम देईल. मुलाखतीला सामोरे जायचे आहे ते आपल्याच मुलामुलींना.