गर्व आणि अभिमान : वर्गातील काही उपक्रम



'गर्वाचे घर खाली' ही म्हण चौथीच्या मुलास तोंडपाठ असते. परंतु ती वहीत दहा वेळा लिहून घेतल्याने गर्व जात नाही. उलट, ती वळणदार अक्षरात लिहिणारा मुलगा शेजाऱ्याच्या वाकड्या अक्षरास हसतो. गुण केवळ सांगून येत नाही. तो नित्याच्या वागण्यातून अंगी मुरावा लागतो.

गर्व आणि अभिमान यांतील भेद प्रथम शिक्षकाच्या मनात स्पष्ट असावा. आपण केलेल्या चांगल्या कामाचे समाधान म्हणजे अभिमान. दुसऱ्यास कमी लेखून मिळविलेले समाधान म्हणजे गर्व. पहिला मुलास कामाकडे नेतो, दुसरा माणसांपासून तोडतो. म्हणून गर्व घालविताना मुलाचा अभिमान चिरडला जाणार नाही, ही दक्षता घ्यावयास हवी. पुष्कळदा गर्वाचे बीज शिक्षकाच्याच शब्दाने पडते. "त्याच्यासारखे वाचून दाखव पाहू," असे म्हटले की एक मुलगा फुगतो आणि दुसरा खचतो. खचलेला मुलगा आधी उत्तर देणे सोडतो आणि कधी कधी पुढे शाळाच सोडतो. यावर पुढील उपक्रम योजता येतील.

पहिला उपक्रम 'माझे हातचे काम' हा होय. शनिवारी शेवटच्या तासास तीन-चार मुलांनी उभे राहून दोनच गोष्टी सांगाव्या : मला काय करता येते आणि ते मला कोणी शिकविले. वाचनात अडखळणारा मुलगा शेळीची धार काढतो, दोर वळतो. वर्गात गप्प बसणारी मुलगी बाजारचा हिशेब तोंडी करते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. 'आजीने शिकविले', 'शेजारच्या सुतारकाकांनी शिकविले' असे म्हणताच अभिमानास कृतज्ञतेची जोड मिळते.

दुसरा उपक्रम शुद्धलेखनाच्या वहीचा. दिवाळीनंतर मुलाने आपले जूनमधील पान आजच्या पानाशी ताडून पाहावे आणि कोणते अक्षर सुधारले ते स्वतः शोधावे. तुलना शेजाऱ्याशी नव्हे, कालच्या स्वतःशी व्हावी.

तिसरा उपक्रम गोष्टीचा. महाभारताच्या वनपर्वात, वाटेवर पहुडलेल्या म्हाताऱ्या वानराचे शेपूट बलाढ्य भीमास हलविता येत नाही. येथेच गोष्ट थांबवून, भीमाने आता काय करावे, असे मुलांस विचारावे. उत्तरांवर निर्णय न देता मग पुढील भाग सांगावा : भीम हात जोडून 'आपण कोण' असे विचारतो आणि तो वानर म्हणजे हनुमान असल्याचे त्यास कळते. भीमाचे बळ गेले की गर्व गेला, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.

जातीचा, घराण्याचा व पैशाचा गर्व मुले बहुधा घरून आणतात. तो उपदेशाने हटत नाही. एकत्र श्रमाने सैल होतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. शाळेतही झाडलोट, पाणी भरणे व बागकाम यांच्या पाळ्या हजेरीपटाच्या क्रमाने लावाव्या. कोणाचेही नाव वगळू नये आणि हलके समजले जाणारे काम एकाच मुलाकडे राहू देऊ नये. वाफ्यातील रोप कोणाचे, या प्रश्नास 'आमच्या वर्गाचे' असे उत्तर आले म्हणजे श्रम सार्थकी लागले.

या सर्वांहून परिणामकारक पाठ शिक्षकाच्या आचरणाचा. फळ्यावरील गणित चुकले आणि एखाद्या मुलाने ते दाखविले, तर "तुझे बरोबर आहे," असे म्हणून शिक्षकाने ते सर्वांसमक्ष पुसावे व पुन्हा मांडावे. चूक दाखविणारा मुलगा मागच्या ओळीतला असेल, तर त्या दिवशीचा पाठ पुरा झाला असे समजावे.